ज्यांच्याकडे जायचं, त्यांना विचार

नवापूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय बेबी,



तुझं पत्र पोचलं. पहिल्या पानावर तू लिहितेस की नेपाळला मिशनच्या कामासाठी जायचं, हे देवानं तुला सांगितलं आहे. शेवटच्या पानावर लिहितेस, मावशी, तुझा सल्ला हवा. आता देवानं सांगून झालं असेल तर मावशीनं मध्ये तोंड कशाला घालायचं? चेष्टा करत नाही गं. ही दोन वाक्यं एका पत्रात आली याचाच मला आनंद झाला. पहिलं एकटंच असतं तर मी फक्त ‘प्रार्थना करते’ असं लिहून मोकळी झाले असते.

सुरतेच्या कन्व्हेन्शनमध्ये तू हात वर केलास, लोक रडले, तुझ्या डोक्यावर हात ठेवले गेले, हे सगळं वाचलं. त्या मांडवातल्या एकानंही विचारलं नाही की पोरी, हॉस्पिटलशी केलेला तुझा बाँड कधी संपतो, धाकट्याची फी कोण भरतं, घरी आईला सांगितलंस का? तू हॉस्टेलच्या प्रार्थनागटाला विचारलंस, त्या सगळ्या ‘जा’ म्हणाल्या. वय काय त्यांचं? तुझंच. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर बसला तेव्हा त्यानं आधी म्हाताऱ्यांना विचारलं, मग बरोबरीच्या पोरांना विचारलं आणि पोरांचं ऐकलं. राज्य दुभंगलं. लोक म्हणतात त्यानं चुकीचा सल्ला निवडला. मला वाटतं त्यानं सल्ला विचारलाच नव्हता. मनात होतं ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणून तो माणसं बदलत गेला.

त्यापेक्षा मोशे बघ. निर्गमाच्या अठराव्या अध्यायाशी आपले पाळक फारसे थांबत नाहीत, पुढे दहा आज्ञा गाठायच्या असतात त्यांना. मोशे सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला. सासरा इथ्रो एक दिवस नुसता बघतो आणि सांगतो, हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. जाणती माणसं नेम, कामं वाटून दे. देवाशी बोलणारा माणूस हा, ‘मला वरून हुकूम येतो, तुम्ही कोण’ असं म्हणू शकला असता. म्हणाला नाही. परक्या जमातीच्या मिद्यानी याजकाचं ऐकलं, आणि सासऱ्याचं ऐकलं! आपल्याकडे यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड.

तर सगळ्यात आधी ताईला, म्हणजे तुझ्या आईला, सांग. तू लिहिलंस, ‘आईला तिकीट काढल्यावर सांगीन, आधी सांगितलं तर रडेल.’ हे वाचलं आणि मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांनी सल्ला घेतला नव्हता असं नाही. पुष्कळ वाचलं, मिशनऱ्यांशी पत्रं लिहून शंका विचारल्या, दोन वर्षं मनाशी झगडले. विचारलं नाही ते फक्त बायकोला. मग त्या माउलीची वर्षानुवर्षं ताटातूट, लोकांचं बोलणं, ठेच लागेल तिथे पुन्हा ठेच. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, १९०० मध्ये स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्यांनी सगळा हिशेब हसतखेळत चुकता केला. मला टिळकांबद्दल आदर आहे. त्यांचे अभंग गात मी वाढले. पण त्या एका गोष्टीत ते चुकले असं मी आमच्या महिला मंडळात उघड म्हणते, आणि दर वेळी कोणीतरी नाराज होतं. तुझ्या निर्णयाचा भार ताईवर पडणार आहे. तिला रडू दे. रडून झाल्यावर ती जे विचारेल ते लिहून घे. तुझ्या प्रार्थनागटाला सुचले नसतील असे प्रश्न ती विचारील.

आता मिशनविषयी. तू परदेशी मिशन म्हणजे काहीतरी नवं, उंचावरचं असल्यासारखं लिहितेस. अगं, आपण स्वतःच कोणाचं तरी परदेशी मिशन आहोत! फ्रेडरिक फ्रान्सन नावाचा, स्वीडनमध्ये जन्मलेला प्रचारक. त्यानं १८९० मध्ये शिकागोला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. त्याची रीत घाईची. थोड्या दिवसांचे वर्ग घ्यायचे आणि माणसं जहाजावर चढवायची. १८९१ मध्ये पस्तीस जणांची पहिली तुकडी अशीच चीनला गेली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच मिशनची माणसं आपल्या खानदेशात आली. १९४९ मध्ये त्या मिशनचं नाव बदलून ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झालं, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून आपल्याकडचे जुने लोक त्यांना ‘टीम’वाले म्हणतात.

ही माणसं कष्टाळू होती, यात वाद नाही. इथल्या उन्हात, हिवतापात राहिली. पण ती मराठी शिकली आणि पाड्यावरच्या बाया तर घरात मावची बोलत. आपली आजी चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करायची आणि चुलीपाशी मावचीत. देवाला दोन्ही कळत असणार, प्रश्न उपदेशकाला काय कळत होतं याचा आहे. मावची बोलीत नवा करार आला तो कितीतरी उशिरा. कोणीतरी सुरुवातीलाच एखाद्या म्हातारीला विचारलं असतं की बाई, तू स्वप्नात कुठल्या बोलीत बोलतेस, तर?

आणि त्याच मिशनचं काय टिकलं ते बघ. चिंचपाड्याचा दवाखाना १९४२ पासून चालू आहे. आज तो इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आहे, डॉक्टर-नर्स आपल्याच देशातले. साप चावला, बाळंतीण अडली, सिकलसेलच्या पोराला दुखणं उठलं की विसरवाडी-खांडबाऱ्याकडची माणसं तिकडे धावतात. त्यात ख्रिस्ती किती, देवमोगरेला नवस करणारे किती, हे दारात कोणी मोजत नाही. लोकांनी मागितलं ते मिशननं दिलं तिथे मिशनची मुळं खोल गेली. लोकांना काय हवं हे मिशननंच ठरवलं, तिथे इमारती उरल्या. हे माझं मत आहे, मंडळीचं नव्हे, पाळकांना वाचून दाखवू नकोस.

यात एक कडू गोष्ट आहे ती लपवून चालणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये विधानसभेत धुळे-नंदुरबारमधल्या चर्चचा विषय गाजला, धर्मांतराचे आरोप झाले. त्या दिवसांत आपल्या गल्लीत शेजारणी माझ्याशी बोलायच्या, पण जरा मोजून. तू परदेशात जाऊन जे करशील त्याकडे तिथला शेजारी कोणत्या नजरेनं बघेल, हे समजायला तुला पुस्तक वाचायला नको. इकडे ये आणि आठवडाभर राहा.

आता नेपाळ. तुझ्या पत्रात डोंगर आहेत, बर्फ आहे, ‘सुवार्तेची तहान’ आहे. कायदा कुठेच नाही. मी नातीकडून शोधून घेतला. त्यांच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१७ ला केलेली आणि २०१८ च्या ऑगस्टपासून लागू असलेली फौजदारी संहिता त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड सांगते. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. तू भारतीय, तुला व्हिसा लागत नाही, म्हणून तुला ते परदेश वाटत नाही. नवापूर स्टेशनवर आपण एका राज्यात तिकीट काढून दुसऱ्या राज्यात गाडीत चढतो, त्यामुळे आपल्याला हद्दीचं गांभीर्य तसंही कमीच. पण तिकडची हद्द खरी आहे. आणि तुरुंगात तू एकटी जाणार नाहीस. ज्या घरी तू पुस्तिका ठेवशील त्या घराचा दरवाजाही पोलीस वाजवतील, आणि त्या घरच्यांना सुटून नवापूरला यायची सोय नसेल.

याच नेपाळात मिशननं वेगळी वाट धरली होती, आणि ती आपल्या नागपुरात ठरली. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचे अभ्यासक होते. पक्षी बघायला ते नेपाळात तानसेनपर्यंत गेले. बरोबर डॉक्टर होते, त्यांनी जाताजाता रोगी तपासले. नंतर त्यांनी काय केलं? लपून पुस्तकं वाटली नाहीत. काठमांडूच्या सरकारला अर्ज केला की दवाखाना काढू का. सरकारनं अटींवर हो म्हटलं, आणि धर्मप्रसार करायचा नाही ही त्यातली मुख्य अट. मार्च १९५४ मध्ये नागपूरला वेगवेगळी मिशनं एकत्र बसली आणि ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ उभं राहिलं. तानसेनचं हॉस्पिटल त्यातूनच. त्या वेळी ‘हे कसलं मिशन, तोंडाला कुलूप लावलेलं’ असं म्हणणारे आपल्या लोकांत नक्की असतील, आजही आहेत. मला विचारशील तर ज्या माणसानं घरमालकाला विचारून उंबरा ओलांडला, त्याचीच गोष्ट घरातली माणसं ऐकून घेतात.

तू म्हणशील, मावशी, सगळ्यांना विचारत बसले तर मी कधी काही करणारच नाही. हेही खरं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण याच्या उलट बाजूचं आहे. १८८३ ला त्या इंग्लंडला गेल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, आणि मग तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना पत्रांतून सल्ले देत राहिल्या. रमाबाईंनी ते ऐकले, वाद घातले, पण विवेक गहाण ठेवला नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा सल्लागार म्हणून रानडे, भांडारकरांसारखी माणसं घेतली. शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, काही मुली येऊन बसत. तेवढ्यावरून १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. कोण बरोबर यावर मी निकाल देणार नाही. रमाबाईंनी दार लावून घ्यायला नकार दिला आणि त्याची किंमतही स्वतः मोजली, एवढं मला दिसतं. सल्लागार निघून जाऊ शकतो. तुला नाही जाता येत. म्हणून शेवटचा शब्द तुझाच, पण तो शेवटीच यायला हवा.

सल्ला देणाऱ्याचं त्यात काय जातं, हेही बघत जा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू आला, लाखांनी कोंबड्या मारल्या, तू तेव्हा शाळेत होतीस. त्याआधी दोन वर्षं जो तो दुसऱ्याला सांगायचा, शेड टाक, कर्ज काढ, पैसाच पैसा. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी स्वतः एक पिंजराही घेतला नव्हता. त्या उन्हाळ्यात ते सगळे म्हणाले, आम्ही सांगितलंच होतं जपून म्हणून. कन्व्हेन्शनचा वक्ता पुढच्या गावी गेला ना? मग त्याचा शब्द तेवढ्याच वजनाचा धर.

माझं मत असं. जा, पण आत्ता नाही, आणि अशा तऱ्हेनं नाही. बाँड पुरा कर. तोवर नेपाळी शीक, सुरतेत नेपाळी कामगार कमी नाहीत. त्यांच्यातल्या बायांशी बोल, त्या तुला गावाकडची दुखणी सांगतील. मग तिथल्या एखाद्या हॉस्पिटलला सरळ नर्स म्हणून अर्ज कर, आणि त्यांना विचार की तुम्हाला माझ्यासारखीची गरज आहे का. ते नाही म्हणाले तर तेही देवाचंच उत्तर समज. तुला नेपाळला पाठवू म्हणणाऱ्या संस्थेचं, पाळकांनी दिलेलं पत्रक मी बघितलं. गुळगुळीत कागद, पण पगार कोण देणार, आजारी पडलीस तर कोण बघणार, वाद झाला तर कोणाकडे जायचं, घरी कोण पाठवणार, यातलं एक अक्षर नाही. हे चार प्रश्न त्यांना लेखी विचार. उत्तर ‘विश्वासानं चाला’ असं आलं तर मला कळव, मी त्यांना स्वतः पत्र लिहीन.

ताईला आज रात्रीच फोन कर. मी तिला काही बोललेले नाही आणि तू सांगेपर्यंत बोलणार नाही.

तुझी,
मावशी

ता. क. — नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं आणि कौन्सिलची नोंदणी कोणाच्याही हाती देऊ नकोस, ‘व्हेरिफिकेशनसाठी दोन दिवस ठेवतो’ म्हणाले तरी. झेरॉक्स दे.