पाच स्वरांचे शब्द

इंग्रजी वर्णमालेत अक्षरे सव्वीस आणि त्यांत स्वर अवघे पाच : ए, ई, आय, ओ, यू. आपल्या बाराखडीतला स्वर काना, मात्रा, वेलांटीच्या ठरलेल्या वेशात येतो आणि बहुधा स्वतःच्याच आवाजात बोलतो. इंग्रजीतल्या या पाच गड्यांना मात्र वीसेक स्वरध्वनींची कामे सांभाळावी लागतात. साहजिकच दिसतो एक नि बोलतो दुसराच! रांग या अर्थाच्या 'क्यू' शब्दात पाच अक्षरे, त्यांतले चार स्वर. पण उच्चार ऐकू येतो तो पहिल्या एका अक्षराचा. बाकीचे चौघे मुकाट उभे.

आमच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर एक खेळ चाले. हे पाचही स्वर ज्यात असतील असा शब्द शोधून काढायचा. पैज एका कप चहाची. आम्ही बहुतेक सारे मराठी माध्यमातून आलेले, इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर अंग चोरून बसणारे. पण या खेळात ना व्याकरण, ना उच्चार. नुसती अक्षरे मोजायची. त्यामुळे भीड चेपली. कुणी 'एज्युकेशन' आणला, कुणी 'इक्वेशन'. एकाला तर मेसमध्ये भाजी वाढून घेताना 'कॉलीफ्लॉवर' सापडला! पुढे आमच्यातल्या एका गंभीर मित्राने नवा नियम काढला : अर्थ सांगितल्याशिवाय चहा नाही.

त्या नियमाने खेळाची कळाच बदलली. 'ॲब्स्टीमियस' आणि 'फसीशस' या दोन शब्दांत पाचही स्वर ए-ई-आय-ओ-यू अशा क्रमाने, एकेकदाच येतात. पहिल्याचा अर्थ खाण्यापिण्यात संयम राखणारा. त्याच्या लॅटिन मुळात मद्यापासून दूर राहण्याचा भाव आहे. दुसऱ्याचा अर्थ नको तिथे थट्टा करणारा. असा एकेक इसम प्रत्येक वर्गात असतोच! उलट्या क्रमाचेही शब्द आहेत. 'सबकॉन्टिनेन्टल' म्हणजे उपखंडाचा, आपल्या अगदी घरचा. आणि 'अनकॉम्प्लिमेन्टरी' म्हणजे स्तुती तर नाहीच, वर बोचरा. 'बिहेव्हियर'मध्ये पाचही स्वर आहेत, पण ते इंग्लंडच्या पद्धतीने लिहिले तर. अमेरिकेने त्यातला 'यू' गाळून टाकला.

मग आम्ही लांबलचक शब्दांच्या मागे लागलो. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' यात अक्षरे 29, 'आय' तब्बल नऊ, पण 'ई' एकही नाही. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे! क्षुल्लक अशा अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो बनला आहे. 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' यात अक्षरे 28, पण 'ओ' नि 'यू' दोघेही गैरहजर. चर्चला असलेला राजमान्य दर्जा काढून घेण्यास विरोध, असा त्याचा अर्थ. आणि या सर्वांवर ताण म्हणजे 45 अक्षरांचा 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'! अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो 1935 साली मुद्दाम लांब व्हावा म्हणून रचला. यात पाचही स्वर आहेत. संस्कृतच्या तासाला समासाचा विग्रह करतो तसा फोडून पाहिला, की त्याची भीती उरत नाही. फुफ्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धुळीचा विकार. म्हणजे ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग. बस्स, एवढेच!

त्याच थंडीत आई तापाने अंथरुणाला खिळली. तालुक्याच्या दवाखान्यात तिला दाखल केल्याचे कळले, म्हणून मी धावत गेलो. आबा बाहेर बाकावर केसपेपर हातात धरून बसले होते. कागद उलटा होता.

"काय रं लिवलंय त्यात? कालधरनं इचारतोय, कुनी सांगंना."

मी पाहिले. मुका 'पी' पुढे आणि मागे पाचही स्वर : 'न्यूमोनिया'. लांब शब्दातला आरंभीचा तुकडा ओळखीचाच होता. पण त्या क्षणी स्वर मोजायला मन जागेवर नव्हते. मी आत जाऊन डॉक्टरांना भेटलो, नीट विचारून घेतले आणि बाहेर आलो.

"आबा, आईच्या फुफ्फुसाला सूज आलीय. त्यावर औषध आहे, इंजेक्शनं चालू आहेत. काही दिवस इथं ठेवावं लागेल."

आबांनी कागदाची घडी केली, टोपी काढून पुन्हा नीट घातली. म्हणाले, "मग येवढं सरळ हाय, तर रातभर मला तसं का न्हाई कुनी सांगितलं?"

मला उत्तर देता आले नाही. आई पुढे बरी झाली, पण आबांचा प्रश्न माझ्याजवळ राहिला. नऊ अक्षरांच्या एका शब्दाने एक धडधाकट माणूस रात्रभर बाकावर बसवून ठेवला होता. आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी तर उत्तरपत्रिकेत वजनदार शब्द पेरून गुण मिळवण्यात धन्यता मानतो!

आमच्या शब्दांच्या वहीत शेवटी शेवटी काही गमतीच्या नोंदी झाल्या. धीर देणे या अर्थाच्या 'एन्करेज'मध्ये चारच स्वर आहेत, 'आय' तेवढा नाही. धीर खचवणाऱ्या 'डिस्करेज'मध्ये मात्र पाचही हजर! 'एक्झामिनेशन'मध्ये 'यू' नाही. 'डायलॉग'मध्ये 'आय'ही आहे नि 'यू'ही. मीही आहे आणि तूही. हा निव्वळ योगायोग, त्यातून कुणी तत्त्वज्ञान काढू नये. पण आबा आणि तो केसपेपर यांच्या मधे जे हवे होते, ते नेमके हेच नव्हते काय?

असो. हल्ली सुटीत गावी गेलो, की ओसरीवर माणसे कागद घेऊन येतात. कुणाला बँकेतून आलेले पत्र असते, कुणाच्या विम्याचा फॉर्म, कुणाच्या रक्ततपासणीचा अहवाल. मी आधी अर्थ सांगतो. शब्द मागाहून, कुणी विचारलाच तर.