महाडच्या वाटेवरची सावर

२० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी आम्ही दरवर्षी सहकुटुंब जातो. वस्तीतली मंडळी मिळून गाडी ठरवतो, भाकरी-चटणी घरूनच बांधून घेतो. आजवर हा प्रवास आम्ही भीमगीतांत आणि उरलेली झोप पुरी करण्यात घालवला. खिडकीबाहेर वसंत ऋतू फुललेला असतो, हे यंदा आईमुळे कळले.

कर्नाळ्याचा डोंगर मागे पडला तशी ती नातीला एकेक झाड दाखवू लागली. अंगावर काटे, पान एकही नाही आणि फांदीफांदीवर लाल, मांसल फुले, ती सावर. फुलात मध म्हणून साळुंक्या, बुलबुल, कावळे पंगतीला बसावेत तसे बसलेले. पळसाचे केशरी फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे. कुसुंब मात्र फुलांनी नव्हे, कोवळ्या पानांनी लाल होतो. पिंपळाची पालवीही तांबूस. हा बोधिवृक्ष आमच्या विहाराच्या दारातच आहे, पण मान वर करून आम्ही कधी पाहिले नव्हते!

"आजी, हे तुला शाळेत शिकवलं?" मुलीने विचारले.

"शाळा कुठली गं बाय! डोक्यावर मोळी होती, तवा शिकले."

ती मोळी वाड्याच्या मागल्या दारी टाकायची आणि तहान लागली तर ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायचे. करवंदीला पांढरी फुले आली की पोरांना धीर यायचा, कारण मे महिन्यात पोटाला काहीतरी मिळणार असे. आम्ही कचेरीत कारकून झालो आणि गाव विसरायचे ठरवले. अपमान टाकायला गेलो, त्याबरोबर झाडांची नावेही टाकून आलो.

माणगावच्या अलीकडे गाडी थांबली. मुले तळ्यावर वाहायला फांदी तोडू लागली. आई ओरडली, "खाली पडलीत ती घ्या, पाखरांची ऱ्हाऊ द्या."

१९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हाही या वाटेवर सावर फुललेलीच असणार. मुलीने बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पाच फुले ठेवली, जरा मातकट झालेली.

परतताना तिने वहीत नऊ नावे लिहिली. निळ्या, बारीक फुलांच्या एका झुडपापुढे जागा कोरी ठेवली आहे. आजीला झोप लागली होती.