आईच्या हाडांची राखण

आपल्या वस्त्यांमध्ये स्टिरॉइडची एक तर धास्ती असते, नाही तर आंधळी ओढ. गुडघे धरले, बोटे सुजली, दम लागला की कुणीतरी पुडी देतो आणि दोन दिवसांत माणूस कामाला लागतो. पुडीत काय होते, हे विचारायची सवय कष्टकऱ्याला कुणी लावलीच नाही. म्हणून आम्ही तिघी जावांनी मिळून हे चार शब्द लिहिले आहेत.

आम्ही दिघ्याला राहतो. सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो. डोंगरालगतच्या दगडखाणीत त्यांनी उमेदीची वर्षे खडी वाहिली. पुढे आमवाताने दोन्ही हातांची बोटे सुजली, सकाळी पातेले धरवेना. गल्लीतल्या एका दवाखान्यातून त्यांना पुड्या मिळत, चिठ्ठी मात्र कधी मिळाली नाही. तीन वर्षांनी पाण्याचा हंडा उचलताना पाठीत कळ आली. मोठ्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढला, तेव्हा मणका दबल्याचे कळले. तिथल्या डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या पाहून सांगितले, ‘हे प्रेडनिसोलोन आहे, म्हणजे स्टिरॉइड.’

मग स्टिरॉइड हे विषच समजायचे का? नाही. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेन्च यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिले आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली. या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोरोनाच्या काळात याच जातीच्या औषधाने अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचवले. औषध गुणाचे आहे, पण त्याची किंमत हाडांना मोजावी लागते.

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असते. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे भरून निघते. स्टिरॉइडमुळे हाड भरून काढणाऱ्या पेशी मंदावतात. अन्नातले कॅल्शियम अंगी कमी लागते आणि लघवीवाटे जास्त जाते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. पाळी गेलेल्या बाईचे हाड आधीच विरळ झालेले असते. म्हणून स्टिरॉइड तीन महिने किंवा त्याहून अधिक चालणार असेल, तर हाडांचे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे.

आईंना रुग्णालयातून आठवड्याला एक अलेन्ड्रोनेटची गोळी, शिवाय कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व सुरू झाले. आमवाताचे मूळ औषधही मिळाले. स्टिरॉइड मात्र थोड्या प्रमाणात चालूच राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘एक गोळी हाडं खाती, दुसरी हाडं राखती. मग दोन्ही कशाला?’ आईंना ते पटले. ‘उद्यापासून ती पहिली बंद,’ म्हणाल्या.

आम्ही त्यांना शेजारी बसवून डॉक्टरांचे म्हणणे पुन्हा समजावले. आपल्या मूत्रपिंडांच्या वर छोट्या ग्रंथी असतात. शरीराला लागणारे स्टिरॉइड त्याच बनवतात. बाहेरून रोज आयते मिळू लागले की त्या सुस्तावतात. गोळी एकदम तोडली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. उलट्या होतात, चक्कर येते, रक्तदाब घसरतो, जिवावरही बेतते. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच ती हळूहळू कमी करायची असते. दोन गोळ्यांचे भांडण नाही. पहिलीने होणारी झीज रोखण्यासाठीच दुसरी दिलेली असते.

मात्र दोन्ही एकाच मुठीत घ्यायच्या नाहीत. अलेन्ड्रोनेट सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा, दूध चालत नाही. नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. स्टिरॉइड खाल्ल्यावर घ्यायचे. कॅल्शियम आम्ही दुपारच्या जेवणाबरोबर देतो, कारण ते बरोबर घेतले तर हाडांची गोळी अंगी लागत नाही. आईंचा वार रविवार. गोळी घेऊन त्या बसतात, आमच्यातली एक घड्याळाकडे लक्ष ठेवते, मग चहा-भाकरी, मग विहारात वंदनेला.

आणखी दोन गोष्टी. स्टिरॉइडबरोबर अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. आणि हाडांची गोळी सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत. क्वचित दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही, आणि स्टिरॉइड घेणाऱ्याला तो धोका अधिक. मिश्री लावणाऱ्या माता-भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गिळायला त्रास असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांच्यासाठी दुसरे उपाय असतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अदारकर यांचा अहवाल त्याच काळात, १९४४ साली आला आणि १९४८ साली कायदा झाला. खडी वाहणाऱ्या आमच्या आईंच्या हाती मात्र असे कार्ड कधी आले नाही. आज ज्यांच्या घरात ई.एस.आय.चे कार्ड आहे, त्यांनी आपल्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावे त्यावर घालून घ्यावीत. तो हक्क आहे, उपकार नव्हे.

आजारी भिक्खूवर तथागतांनी स्वतःच्या हातांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. आणि कालामांना त्यांनी शिकवले, की कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. सेवा आणि पारख, दोन्ही आपलाच वारसा आहे. घरातल्या म्हातारीच्या उशाखालच्या गोळ्या आजच बाहेर काढा, त्यांची नावे एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. चिठ्ठीशिवायची पुडी कुणी दिली तर नाव विचारा. नाव सांगत नसेल, तर ती पुडी घेऊ नका.

जय भीम!