जपलेली गाडी

काळा आंब पाहायला पानिपतला गेले, तेव्हा ब्लँकेटच्या एका व्यापाऱ्याकडे उतरले होते. अंगणात विकायला काढलेली बीएमडब्ल्यू ६५०आय उभी होती. दोन दारांची, एचआर ०६ पासिंगची, अंगावर ओरखडा नाही. प्रत्येक सर्व्हिसची पावती लालाजींनी जपलेली.

"बेटी, गिऱ्हाईक साल विचारतं नि फोन ठेवतं."

पानिपत दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात येतं. तिथे १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली. २०२५ मध्ये काही गाड्यांना कारवाईतून सूट मिळाली.

इतक्या निगेला काहीच मोल नाही? मला हळहळ वाटली. तेवढ्यात आतून नातवाच्या खोकल्याची उबळ ऐकू आली.

"कायद्यावर राग नाही," लालाजी म्हणाले. "गाडी मी जपली. याची छाती कोण जपणार?"