आजीचा अंगठा
बीडजवळचा नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचा गड. नाव झकास! गडाखाली राहणाऱ्या आमच्या आजीकडची नगद मात्र आटत चाललेली. डिमेन्शिया. दूधवाल्याला दिवसातून तीनदा पैसे देते, कोऱ्या विड्रॉल स्लिपवर कुणालाही अंगठा! काका म्हणाले, ‘मुखत्यारपत्र करून टाकू.’ पण १८७२च्या करार कायद्यानुसार, देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ऐन गरजेलाच बाद! मग हायकोर्टातून पालक नेमून घ्या. सकाळी आजीला अजून सगळं नीट कळतं. म्हणून एका सकाळी, तिला विचारूनच, खातं जॉइंट केलं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. मॅनेजरने तिलाच प्रश्न विचारले. तिने बरोबर उत्तरं दिली आणि वर आषाढीच्या खर्चाला दोन हजार मागून घेतले.