तात्पुरता कार्यभार

सोमवार, 1 जुलै 2024
शेजारच्या पाड्यावरच्या सेविका पासष्ट वर्षं पूर्ण करून काल निवृत्त झाल्या. सकाळीच पर्यवेक्षिका मॅडमचा फोन. "ताई, भरती होईपर्यंत ती अंगणवाडी तुम्हीच बघा. तात्पुरतं आहे." मी हो म्हणाले. मानधनाचं विचारायला जीभ रेटली नाही. सेविका होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी रेटत नाही.
आसनगाव स्टेशनपासून माझी अंगणवाडी टमटमने दहा मिनिटं. तिथून तो पाडा तीन किलोमीटर, मध्ये ओहळ.

रविवार, 7 जुलै
पहाटेपासून कोसळतोय. आटगाव-तानशेतमध्ये रुळांवर माती आली, वासिंदजवळ झाड पडलं, कसारा लोकल बंद. शहापुरात भारंगीचं पाणी चढलंय म्हणतात. ओहळ ओलांडणं शक्य नाही. घरी बसून दोन्ही अंगणवाड्यांची रजिस्टरं पूर्ण केली. सुट्टीचा वारही त्यातच गेला.

गुरुवार, 11 जुलै
लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी सकाळी आठपासून पायरीवर रांग. बायका भाताची लावणी सोडून येतात, त्यांना परत कसं पाठवायचं? रेंज गेली की मोबाईल घेऊन टेकाडावर जाते. एका पात्र अर्जामागे आम्हाला 50 रुपये, आणि ते शासन निर्णयात लिहिलेलं आहे. म्हणजे वाढीव कामाचा दर ठरवता येतो, कागदावर आणता येतो. मग अख्ख्या दुसऱ्या अंगणवाडीचा कार्यभार एका फोनवर कसा येतो?

मंगळवार, 23 जुलै
आज मात्र रडू आलं.
माझ्याच पाड्यावरची दीड वर्षाची मुलगी. आई-बाप वीटभट्टीवरून मेअखेर परतले, तेव्हापासून तिच्यावर माझं लक्ष होतं. जूनमध्ये वजन 7.900 किलो. या महिन्याच्या वजनाच्या दिवशी मी पलीकडच्या पाड्यावर होते, मग अर्जांच्या गर्दीत राहून गेलं. आज काट्यावर ठेवली तर 7.600. पुन्हा ठेवली. तेच. दंडाला पट्टी लावली, घेर 12.1 सेंटीमीटरवरून 11.8 झालेला. पट्टी अजून पिवळ्यातच, पण तांबडा साडेअकराला सुरू होतो.
आई म्हणाली, "बाई, आठ दिवस जुलाब होते. तुम्ही आलाच नाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मदतनीस मावशींनी खिचडी, अंडी वेळेवर दिली होती. पण जुलाब लागलेलं पोर घरी जाऊन बघणं, आशाताईंना बोलावणं, ओआरएस पाजताना शेजारी बसणं हे माझं काम. ते वाटलं गेलं आणि पोरीच्या वाट्याला निम्मं आलं. फुकटच्या कार्यभारात पैसे माझे बुडतात, वजन पोरांचं घटतं. वर बसून "तेवढं बघा" म्हणणाऱ्यांनी एकदा हा काटा स्वतः धरून पाहावा.

रविवार, 4 ऑगस्ट
दिव्यांची आवस. भाचा जेवायला आला होता, भिवंडीकडच्या गोदामात असतो. चार महिन्यांपूर्वी त्याला सांगितलं, आता बारा पोरांची टीम तू सांभाळ. पगार हेल्परचा, ओळखपत्रावरही हेल्परच. माल कमी भरला की मात्र जबाबदार तो. "मावशी, पुढं वाढवतील म्हणतात." मी त्याला तारीख विचारली. तारीख कोणी सांगितलेली नाही.

शनिवार, 10 ऑगस्ट
शहापुरात आम्ही सातजणी भेटलो. तिघींकडे दुसऱ्या अंगणवाडीचा कार्यभार आहे, एकीकडेही लेखी आदेश नाही. गेल्या वर्षी 4 डिसेंबरपासून बावन्न दिवस संप केला, ती थंडी सगळ्यांना आठवते. आमचं मानधन आज 10,000 रुपये, त्याला पगार म्हणत नाहीत. पण 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. अंगणवाडीचं काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, असं निकालात नमूद झालं. एकाच अंगणवाडीचं काम जर अर्धवेळ नाही, तर दोन अंगणवाड्यांच्या कामाला काय म्हणायचं?

बुधवार, 21 ऑगस्ट
बायकांच्या खात्यात लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे मिळून 3,000 आले. एकीने पोराला दप्तर घेतलं, दाखवायला आणलं. खूप बरं वाटलं. हे काम मला नको, असं मी कधीच म्हणणार नाही.

शुक्रवार, 30 ऑगस्ट
अर्ज लिहिला. पलीकडच्या पाड्यावर गेलेले 38 दिवस तारखांसकट मांडले. मागणी तीनच: कार्यभाराचा लेखी आदेश, तो संपण्याची तारीख आणि त्या दिवसांचा मोबदला. दोन प्रती काढून कार्यालयात नेल्या. कारकून म्हणाले, "ठेवून जा, ताई." मी उभीच राहिले. पाऊण तासाने माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळाला.
येताना त्या मुलीच्या घरी गेले. वजन 7.850.