पंधरा अँपिअरचा प्लग

बदलापुरातला आमचा वन बीएचके जेवढ्याला घेतला, त्याहून महाग गाडी घ्यायला मी निघालो होतो. बीएमडब्ल्यू आयएक्स-वन, लाँग व्हीलबेस. जानेवारी २०२५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ४९ लाख. मार्चच्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला, तेव्हा धाकधूक झाली. त्याच महिन्यात तो मागे घेतल्यावर वाटलं, आता घ्यायचीच.

बाबा अंबरनाथला वायरमन होते. त्यांनी रेंज विचारलीच नाही. "चार्ज कुठे करणार?" एवढंच.

मी एक्सेल उघडली. बॅटरी ६६.४ युनिटची. पंधरा अँपिअरच्या प्लगमधून तासाला जेमतेम तीन युनिट, म्हणजे बावीस तास. ७.४ किलोवॅटच्या वॉलबॉक्सवर नऊ-दहा. पण त्यासाठी मीटररूमपासून वेगळी केबल हवी.

"आणि पाणी?" जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. आणि बॅटरी तर गाडीच्या तळाशीच असते.

रात्री झोप लागेना. ऑफिसला तर मी लोकलनेच जातो. बदलापूर म्हटलं की तिथे सगळे विचारतात, "एवढ्या लांब?" त्या प्रश्नाचं उत्तर मी ४९ लाखांना विकत घेत होतो.

बुकिंग केलं नाही. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार्जिंगचा विषय मांडतोय. प्लग कमरेच्या वर, असा नकाशा बाबांनी काढून दिलाय. गाडी कुठली, ते नंतर बघू.